धुक्यातला पलीकडचा काठ

मंगळवार, दिवेलागणीनंतर

सकाळी मनूला तिलवाऱ्याच्या घाटावर नेलं. नर्मदेवर इतकं धुकं, की पाणी कुठे संपतं अन् आभाळ कुठे सुरू होतं, कळेचना. अजून तिथेच उभी आहे असं वाटून राहिलं मला.

मनू घरीच शिकते. जे पाहिलं ते वहीत उतरवायचं, हाच तिचा अभ्यास. आज तिने घाट काढला, एक होडी काढली, अन् उरलेलं अर्धं पान कोरं सोडलं.

फॅक्टरीतून आल्यावर ह्यांनी ते पान पाहिलं. "अर्धंच काहून? चलो, आता शाळेतच टाकू हिला." मी घाबरले. पेन्सिल घेऊन पलीकडचा काठ काढायला लागले, तर मनूने हातच धरला.

"आई, वो दिखा कहाँ था? तूच म्हणते ना, पाहिलं तेवढंच काढायचं."

नियम माझाच. मी पेन्सिल खाली ठेवली.

ते कोरं अर्धं पान डोळ्यांपुढून जात नाही. शाळेत टाकावं का? घरीच शिकून पुढे काय होईल तिचं? खरं सांगू, मला काहीच दिसून नाही राहिलं. तर मग इथून खाली मीही पान कोरंच सोडते.