वाघोलीचं डावं वळण

कर्वेनगर, पुणे
मंगळवार

ती. दशरथमामा यांस,
तेजसचा सविनय जय भीम.

इकडे सगळे मजेत आहेत (सगळे म्हणजे हिराआत्या, माझं पुढे येईलच). तुमचा गुडघा कसा आहे? उजवाच ना? थंडी पडली की जास्त ठणकतो, असं मामी म्हणत होत्या. हयगय करू नका. गुडघ्याचा काही भरवसा नसतो, आज बरा वाटतो आणि ऐन शुक्रवारी दगा देतो. हे सगळं मोबाइलवर न बोलता कागदावर लिहून स्पीड पोस्टाने पाठवतोय, कारण हेडमास्तरकीतून निवृत्त होऊनही तुम्ही लिहिलेलंच खरं मानता. फक्त मागच्यासारखं लाल शाईने शुद्धलेखन दुरुस्त करून पत्र परत पाठवू नका. आत्याने ते फ्रिजवर लावलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला वाचून दाखवत होती.

वाघोलीत जे घडलं ते बाबांनी तुम्हाला सांगितलंच असेल. त्यातला ‘मूर्ख’ हा शब्द वगळला तर बाकी हकीकत खरी आहे, पण ती शेवटाकडून सांगितल्यामुळे मी वाईट दिसतो. म्हणून सुरुवातीपासून सांगतो. यंदा इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला लागलो तेव्हाच बाबांनी अट घातली होती. नेटवर्कची ओरल, म्हणजे तोंडी परीक्षा, पहिल्या फटक्यात सुटली पाहिजे आणि सायकलिंगच्या विद्यापीठ संघात निवडही झाली पाहिजे. दोन्हींतलं एक जरी हुकलं तरी सायकल नागपूरला आणि मी पुस्तकात. ‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ हे वाक्य ते फोनवर ‘हॅलो’च्या जागी वापरतात.

मी दोन्हीकडे जीव तोडून मेहनत केली, मामा. सरावासाठी रोज पहाटे हिंजवडीला जाणाऱ्या आयटी कंपनीच्या बसमागे सायकल लावायचो. मोठ्या गाडीच्या आडोशाला वारा लागत नाही आणि वेग मिळतो (हे आईला सांगू नका). बसमधली मंडळी मागच्या काचेतून हात करायची, एक ताई तर मला बघून पराठा खायला काढायची. मुलगा त्या बसमध्ये बसलेला पाहावा हे बाबांचं स्वप्न आहे. मी निदान बसच्या मागे तरी पोचलो होतो. तिथून उलटं फिरून सगळं शहर ओलांडत वाघोलीला कॉलेज. पहिल्या तासाला मी डोळे मिटून चिंतन करायचो, सर त्याला झोप म्हणायचे.

मधेच आत्याचं प्रकरण उद्भवलं. शर्यतीत उतरणारे लोक पायांवरचे केस काढतात. पडलं की जखम साफ करायला बरं, मालिशही नीट होते, आणि खरं सांगायचं तर सगळेच काढतात म्हणूनही. मीही काढले. दुसऱ्या दिवशी आत्याने माझे गुळगुळीत पाय पाहिले आणि काही न विचारता कातडीच्या डॉक्टरकडे नंबर लावला. डॉक्टरांनी भिंगातून दोन्ही पाय तपासले, मला कारण विचारलं आणि आत्याला म्हणाले, ‘‘अहो, याला रोग नाही, छंद आहे. त्याच्यावर औषध नाही.’’ आत्याने ते नागपूरला जसंच्या तसं कळवलं.

आता मुख्य गोष्ट. निवडीची शर्यत रविवारी होती आणि (नशीब बघा) ओरलही त्याच रविवारी, सकाळी दहाला, कारण बाहेरच्या परीक्षक मॅडमना दुसरा दिवस मोकळा नव्हता. पण मी गडबडलो नाही. शर्यत नगर रस्त्यावर शिक्रापूरहून सुटून पुण्याकडे यायची होती, वाटेत वाघोली. सहाला सुटायची, साडेसातला संपायची, आंघोळ करून दहाला ओरल. प्रत्यक्षात झेंडा दाखवायला येणारे पाहुणे वाटेत नाश्त्याला थांबले आणि शर्यत नऊला सुटली. त्यामुळे माझे पाय शर्यतीत आणि डोकं ओरलमध्ये, अशी विभागणी झाली.

सायकलवाल्यांची एक रीत तुम्हाला माहीत हवी, नाहीतर पुढचं पटणार नाही. शर्यतीत सगळे एकामागोमाग चिकटून चालवतात. पुढचा वारा खातो आणि मागचे त्याच्या आडोशाला दम राखतात. पाळी आली की दुसरा पुढे येतो. मागच्याने रस्ता बघायचा नसतो. बघायचं फक्त पुढच्याचं चाक, कारण बोटभर अंतर चुकलं तरी सगळे रस्त्यावर. वाघोली आली तेव्हा पुढे ओढायची पाळी माझी होती. रस्ता दाखवणारी लाल झेंड्याची मोटारसायकल बरीच पुढे गेली होती. मी मनातल्या मनात नेटवर्कचा तिसरा धडा म्हणत होतो. आणि कॉलेजचं फाटक दिसलं.

मामा, मी वळलो नाही. दुभाजकाला वळसा घालून रोज मी याच बाजूने आत शिरतो, त्या तीन वर्षांच्या सवयीने पाय वळले. शिवाय तुम्हीच शिकवल्याप्रमाणे मी रीतसर डावा हात दाखवला. पुण्यात हात दाखवून वळणारा माणूस दिसला की त्याला नक्की काहीतरी ठाऊक असणार, असं लोकांना वाटतं. एकालाही शंका आली नाही. सगळी शर्यत माझ्यामागे फाटकातून आत शिरली, कँटीनला वळसा घातला आणि सायकल स्टँडवर येऊन उभी राहिली. माझं कुलूप काढायला हात खिशाकडे गेला, तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोवर फाटकावरच्या धोंडिबांनी शेवटच्या चौघांना अडवलं होतं. ‘‘आयकार्ड हाय का? न्हाई? मग भायेर व्हा.’’ तेच चौघे नशीबवान, कारण ते बाहेर होऊन पुढे निघून गेले. पण त्यांच्याही आधी सरळ रस्त्याने चिंचवडचा अभय शेवटच्या रेषेवर पोचला. त्याची चेन वाटेत पडली होती आणि ती बसवून तो सगळ्यांत मागे, रडत येत होता. पहिला आल्याचं कळल्यावर त्याने विचारलं म्हणे, की बाकीच्यांनी घरी जायचं ठरवलं का?

स्टँडवर मला जे ऐकावं लागलं ते हेडमास्तरांना लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात शिपायाने ओरलसाठी माझं नाव पुकारलं. मी तसाच, घामाने निथळत, घट्ट चड्डीत आणि छातीवर नंबर लावून आत गेलो. परीक्षक मॅडम खिडकीपाशीच बसल्या होत्या. त्यांनी सगळं पाहिलं होतं. ‘‘बसा,’’ म्हणाल्या, आणि खुर्चीच्या गादीकडे बघून, ‘‘नको, उभेच राहा.’’ मग चष्मा पुसत त्यांनी एकच प्रश्न विचारला. नेटवर्कमधल्या एका राउटरने (म्हणजे माहितीला वाट दाखवणाऱ्या यंत्राने) चुकीचा रस्ता जाहीर केला तर काय होतं?

मामा, हा धडा मला पाठ नव्हता. पण मी अगदी कळवळून सांगितलं, की एक चुकला तरी शेजारचे त्याच्यावर विश्वास ठेवतात, त्यांचे शेजारी त्यांच्यावर, आणि सगळा माल अशा जागी जाऊन पडतो जिथून पुढे रस्ताच नसतो, फक्त सायकल स्टँड असतो. दोष सांगणाऱ्याचा आहेच, पण न तपासता मागे येणाऱ्यांचाही आहे. मॅडम तोंडावर रुमाल धरून हसत होत्या. ओरल सुटली. असे मार्क वर्गात कोणालाच नाहीत.

पण अटीचा अर्धा भाग हुकला तो हुकलाच. बाबा शनिवारी सकाळी सायकल न्यायला येत आहेत (सुतळी आणि गोणपाट काढून ठेवलंय, असं आई म्हणाली). वडिलांचा शब्द तो शब्द. मी शांतपणे विचार केला आणि सायकलचा नाद मनापासून सोडला आहे. आता फक्त अभ्यास. मामींना जय भीम.

तुमचा भाचा,
तेजस

ता. क. बाकीच्यांनी इतका आरडाओरडा केला, की आयोजक येत्या रविवारी शर्यत पुन्हा घेत आहेत. मलाही उतरू देणार आहेत, मात्र अट अशी की वाघोली मागे पडेपर्यंत मी पुढे यायचं नाही. कॉलेजनेही फाटक बंद ठेवायचं कबूल केलंय. धोंडिबा स्वतः आडवे उभे राहणार आहेत.

ता. क. २. बाबांची गाडी शुक्रवारी संध्याकाळी आहे. पुन्हा शर्यत होतेय हे मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, एकदा ठरलं ते ठरलं. ते फक्त तुमच्यासाठी गाडी सोडतील. म्हणून शुक्रवारी दुपारी तुमचा गुडघा दुखला तर फार बरं होईल. फार नको, बाबांना भंडाऱ्याला धावत यावं लागेल इतपत. उजवाच धरा, आईनेही तोच सुचवलाय. मामा, वर नाद सोडला लिहिलंय ते खोटं आहे. लहानपणी भंडाऱ्याला तुमच्या सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून तुमच्या शाळेत यायचो ना, तेव्हापासून मला दुसरं काही इतकं आवडलेलंच नाही. मला एकदा, फक्त एकदा, सरळ जाऊन बघायचंय.

ता. क. ३. निवड झाली तर सोमवारी खुशाल बरे व्हा. नाही झाली, तर डाव्या गुडघ्याचं बघावं लागेल.