दोनशे चौदा आमंत्रणं आणि एक हललेला रकाना

अहमदपूर,
गुरुवार, दुपारचे दोन

आदरणीय दाजींच्या पायाशी वसंताचा नमस्कार.

इकडे सर्व खुशाल आहे, असं लिहायची रीत आहे. पण मी आयुष्यभर पोकळ रीतींविरुद्ध देगलूरपासून उदगीरपर्यंत बोलत आलो, हे आपण जाणता (देगलूरच्या सभेत आपण पहिल्या रांगेत होता आणि झोपला नव्हता, हे मी विसरलेलो नाही). म्हणून खरं लिहितो. इकडे खुशाल नाही. आपला गुडघा कसा आहे? लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं तेल लावता की नुसतं कपाटात ठेवता? ऊस उभा असेल. प्रेमलाअक्काची तब्येत बरी असेलच. 'असेलच' म्हणतो, कारण कळायला मार्ग उरलेला नाही. अक्काच्या फोनवर चार वेळा आपण स्वतःच्या आवाजात "राँग नंबर" म्हणालात. पाचव्यांदा फोन उचललाच नाही. घरच्या व्हॉट्सॲप गटातून आपण बाहेर पडलात, त्या दिवसापासून त्या गटात कोणी सुप्रभातसुद्धा घातलेलं नाही.

रविवारी उर्वीचं लग्न आहे, शनिवारी हळद. हळद आत्यानं जात्यावर पहिला घास घालून दळायला घ्यायची, ही आपल्या घरची पद्धत. (हिच्यावरही मी बोललो आहे, पण घरी नव्हे.) हळकुंडं सोमवारपासून जात्याशेजारी पाटीत पडून आहेत. उर्वी कोणाला हात लावू देत नाही. काल तिच्या मावश्यांनी समजावलं, तर म्हणाली, "आत्या येईपर्यंत पाटीला शिवू नका," आणि पुन्हा बोलली नाही. मी गेली चाळीस वर्षं बोलतो आहे. न बोलता इतकं स्पष्ट सांगता येतं, हे मला काल कळलं.

हे सगळं आपल्या हाती पडलेल्या त्या आमंत्रणामुळे घडलं. त्याचा खुलासा करण्यासाठी हे पत्र. थोडं मागून सुरुवात करावी लागेल. आपण खाटेवर बसून वाचावं, उभ्यानं वाचू नये, गुडघ्याला बरं नाही.

गेल्या वर्षापर्यंत संगणकाविषयी माझी मतं पक्की होती. यंत्रानं माणसाची जागा घेतली तर माणसानं जायचं कुठं, असा सवाल मी तालुक्यातल्या प्रत्येक व्यासपीठावर केला. (इथे टाळ्या येतात. चाकूरला शिट्ट्यासुद्धा आल्या.) एकदा घरी जेवताना हाच सवाल केला, तेव्हा उर्वी म्हणाली, "बाबा, तुम्ही ज्याला हातच लावला न्हाई, त्याला शिव्या कशाला देऊन राहिलेत?" ज्याचं खंडन करायचं त्याचा आधी अभ्यास करावा, हे मी विद्यार्थ्यांना छत्तीस वर्षं शिकवलं. तेव्हा सहासष्टाव्या वर्षी मी धान्याच्या मोंढ्याजवळच्या, खताच्या दुकानावरच्या 'संगणक परिचय' वर्गात नाव घातलं.

तिथं शिकवते ती वैष्णवी. तिचा बाप माझ्या हाताखाली दोनदा नापास झालेला. पहिल्या दिवशी तिनं माझ्या हातात माऊस दिला, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, "सर, धरून राहिलात का गळा दाबून राहिलात?" तिच्या बापाचा सूड ती घेते आहे असं प्रथम वाटलं, पण पोरगी शिकवते उत्तम. तीन महिन्यांत मला पत्र टंकता यायला लागलं. एकच मोठी अडचण अशी, की हातानं टंकताना मी तोंडानं भाषण करत असे, आणि शेजारच्या खुर्च्यांवरच्या दोन बायकांनी वेळ बदलून घेतली.

आणि मग तक्ता आला. दाजी, हा तक्ता काय असतो, तर आडव्या ओळी आणि उभे रकाने. पहिल्या रकान्यात माणसाचं नाव-पत्ता, दुसऱ्यात त्याच्यासाठीचा मजकूर. बटण दाबलं की यंत्र प्रत्येक नावाखाली त्याचा मजकूर घालून वेगळं पत्र छापतं. दोनशे चौदा माणसं, दोनशे चौदा पत्रं, प्रत्येक पत्र त्या एकाच माणसासाठी लिहिलेलं. दारोदार अक्षता घेऊन फिरण्यात एक महिना आणि एक गाडी झिजते. मी ठरवलं, एक साचेबंद पत्रिका सगळ्यांच्या तोंडावर फेकायची नाही. माणसाला माणूस म्हणून बोलवायचं! तीन आठवडे बसून मी प्रत्येकाला वेगळा मजकूर लिहिला. मंडपवाल्यालाही लिहिला, बँडवाल्यालाही, पोळ्या लाटणाऱ्या साखराबाईलाही. कार्याला येणारा प्रत्येकजण माझ्या लेखी निमंत्रित आहे, मग तो जेवायला येवो की वाढायला.

इथपर्यंत काहीही बिघडलं नव्हतं, हे आपण ध्यानात घ्यावं.

बिघडलं ते मानपानापायी. यादी मी जशी आठवली तशी केली होती. चाकूरचे आमचे चुलतभाऊ सहज आले, त्यांनी कागद उलटा धरून आपलं नाव शोधलं. सत्याऐंशीव्या क्रमांकावर सापडलं. चहा न घेता उठले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या धाकट्याचा फोन, की आमचे दादा सत्याऐंशी, तर मी कितवा? दाजी, मी विचारतो, या उतरंडीनं आपल्या समाजाचं किती शतकं वाटोळं केलं? पहिला कोण आणि शेवटचा कोण हे ठरवणारा मी कोण? माझ्या लेकीच्या लग्नात कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही! त्याच तिरमिरीत मी वर्गात गेलो आणि यादी अकारविल्हे लावली. वर्णमालेला जात नाही, श्रीमंती नाही, वय नाही. पहिला रकाना निवडला, बटण दाबलं, आणि क्षणात सगळी नावं एका समान रांगेत उभी राहिली. मी वैष्णवीला म्हणालो, बघ, जे समाजसुधारकांना जमलं नाही ते यंत्रानं केलं. ती फोनवर बोलत होती.

नावं हलली. मजकूर हलला नाही.

दुसरा रकाना होता तिथंच, पहिल्याच क्रमानं उभा राहिला. म्हणजे दोनशे चौदा माणसांना दोनशे चौदा आमंत्रणं गेली आणि बहुतेक सगळी दुसऱ्याची गेली. छापून आलेले कागद मी वाचले नाहीत. स्वतःचं भाषण मी पुन्हा वाचत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. घड्या घातल्या, कोपऱ्याला हळदीकुंकू लावलं आणि पोस्टात टाकली.

आपल्याला आलेला मजकूर बँडवाल्याचा होता. "मी हात वर केल्याशिवाय सुरू करू नये, हात खाली केल्यावर लगेच थांबावं. मागच्या खेपेला सूर हरवला होता आणि शेजारची म्हैस दावं तोडून गेली होती. सात माणसं ठरली होती, अकरा जेवली. या वेळी कपडे धुतलेले असावेत." हे सगळं बँडवाल्यालाच उद्देशून होतं, हे मी शपथेवर सांगतो. आपण प्रत्येक लग्नात स्वतः रचलेली मंगलाष्टकं म्हणता, उदगीरच्या लग्नाला आपल्याकडची अकरा माणसं आली होती, आणि तिथं म्हशीचाही काही प्रकार झाला होता म्हणतात, हा निव्वळ योगायोग आहे. उदगीरची म्हैस वेगळी. अक्कानं म्हणे आपल्याला विचारलं, "यात खोटं काय लिहिलंय?" (हे मला आपल्या शेजाऱ्यांकडून कळलं.) त्यावरून आपण तिच्याशीही बोलत नाही. ती माझी बहीण आहे म्हणून तिला शिक्षा करू नये. तिनं फक्त प्रश्न विचारला.

इतरांचं काय झालं हेही सांगतो, म्हणजे आपण एकटे नाही हे कळेल. बाजार समितीच्या माजी सभापतींना माझ्या नववीतल्या चुलत नातवाचा मजकूर गेला: "परीक्षा झाली असेल तरच ये. नखं कापून ये. आईला त्रास देऊ नकोस." एकाहत्तर वर्षांचा माणूस. मी माफी मागायला घरी गेलो, तर डोळे पुसत म्हणाले, "गुरुजी, आई गेल्यापासून असं हक्कानं कोणी बोललंच नव्हतं. म्या येणार." नखं खरोखर कापलेली होती. साखराबाईंना कॉलेजच्या प्राचार्यांचा मजकूर मिळाला, "आपल्यासारख्या विदुषीची नुसती उपस्थिती हाच आमचा सन्मान." आता त्या म्हणतात, नुसती उपस्थिती लिहिलंय ना, मग लाटणं कशाला? पुरणपोळ्या कोण करणार हे अजून ठरलेलं नाही. प्राचार्यांना काय गेलं ते मला माहीत नाही. ते रस्त्यात दिसले की गल्ली बदलतात.

आणि आपला मजकूर गेला दगडोबाला. दगडोबा म्हणजे मंडपवाला, माझा जुना विद्यार्थी. मंगळवारी सकाळी नवा फेटा बांधून, उर्वीसाठी साडी घेऊन तो दारात उभा. आल्या आल्या माझ्या पाया पडला आणि लहान मुलासारखा रडला. हातात तोच कागद. मी तो घेऊन वाचला आणि मला कळलं की काय झालं आहे. त्यात मी लिहिलं होतं: उर्वीची आई गेली तेव्हा पोर सहा वर्षांची होती. मी गावोगाव भाषणं करत हिंडत होतो आणि आपण दोघांनी तिला चार वर्षं निलंग्याला नेऊन पोटच्या पोरीसारखं वाढवलं. तिची पहिली वेणी अक्कानं घातली, तिला सायकल आपण शिकवली. हे मी आजवर कुठल्याही सभेत बोललो नाही, कारण बोललो असतो तर पुढचं बोलता आलं नसतं. अंतरपाट आपल्याच हातानं धरला जावा.

मी दगडोबाला म्हणालो, अरे, हे तुला नाही. तू तिला कधी चार वर्षं वाढवलंस? तो म्हणाला, "ते मला बी आठवंना सर. पण तुम्ही लिहिलंय म्हंजी खरंच असल." कागद परत मागितला, तर देत नाही. देवापुढं ठेवलाय म्हणतो. मंडपाचे बांबू तीन दिवसांपासून अंगणात आडवे पडले आहेत. उभे कर म्हटलं तर विचारतो, "घरच्या माणसानं खड्डे खंदायचे का?" अंतरपाट मात्र तो धरणार आहे, आणि त्यासाठी सराव करतो आहे. घरातली चादर घेऊन.

वैष्णवी म्हणते, मजकूर संगणकात आहे, दुसरी प्रत काढून देते. मी नको म्हणालो. दोनदा छापलेली कृतज्ञता म्हणजे जाहिरात. आणि खरं सांगायचं तर तो मजकूर पडद्यावर पाहून मला पुन्हा वाचवत नाही. म्हणून हे हातानं लिहितो आहे. अक्षर वाकडं आलं असेल तर तीन महिने टंकून हाताची सवय गेली असं समजावं, दुसरं काही समजू नये.

तेव्हा दाजी, दोष कोणाचा? माझ्या हेतूचा नाही. समतेच्या तत्त्वाचा तर नाहीच नाही. दोष यंत्राचा. त्याला नावं कळतात, नाती कळत नाहीत. हेच मी पंधरा वर्षं सांगत होतो, आणि आता पुराव्यासह सांगू शकतो. मे महिन्यात निलंग्यात व्याख्यानमाला असते. बोलावणं आलं तर हाच विषय घेईन. मुक्काम अर्थातच आपल्याकडे.

अक्काला नमस्कार.

आपला,
वसंत

ता. क. १ : अक्काला हे पत्र मोठ्यानं वाचून दाखवावं. म्हशीचा भाग गाळला तरी चालेल.

ता. क. २ : उर्वीनं पत्र वाचायला मागितलं, मी दिलं नाही. पण तिनं एकच विचारलं, "चूक कोणाची लिहिली?" तेव्हा एक गोष्ट लिहायची राहिली. मी पहिला रकाना निवडून बटण दाबलं, तेव्हा पडद्यावर मधोमध एक पाटी आली होती. शेजारीही मजकूर दिसतो, तोही सोबत हलवायचा का, असं त्या यंत्रानं मला नीट, सभ्यपणे विचारलं होतं. हलवायचा, हे उत्तर त्यानं स्वतःच आधी निवडून ठेवलं होतं. मी ते बदलून 'फक्त निवडलेलं' केलं, कारण मला कोणी सुचवलं की मी उलट करतो. वैष्णवी फोनवर नव्हती. "सर, आधी वाचा तरी," असं ती दोनदा म्हणाली. माझं चुकलं. हे वाक्य मी कधी लिहिलेलं नाही, त्यामुळे कुठं घालायचं ते कळलं नाही, म्हणून इथं घातलं आहे.

ता. क. ३ : हे पत्र माझा थोरला अंबरीश घेऊन येतो आहे, जीप घेऊन. अक्षता त्याच्याकडे आहेत. दारोदार जाण्याविषयी मी वर जे लिहिलं आहे, ते निलंग्याच्या दाराला लागू नाही. त्याला सांगितलं आहे की आपल्या दोघांच्या पिशव्या जीपमध्ये येईपर्यंत पाणी मागायचं नाही, बसायचंही नाही. मी स्वतः आलो असतो, पण मी आलो तर बोलेन. तो उन्हात उभा असेल. आता वाचणं थांबवलं तरी चालेल.

(इथून अक्षर उर्वीचं.)

आतोबा, बाबा चष्मा शोधायला आत गेलेत म्हणून घाईत लिहितेय. वर काय लिहिलंय मला माहीत नाही, लांबलचक दिसतंय. सासरच्यांनी विचारलं माहेर कुठलं, तर मी निलंगा सांगून बसले आहे. तुम्ही रविवारी आला नाहीत, तर मांडवपरतणीला माहेरी येताना मी नवरा, सासू आणि सोबतची वीस माणसं घेऊन थेट तुमच्या दारात उतरणार. मग सगळ्यांचा मानपान तुम्हालाच करावा लागेल. आत्याला म्हणावं, पाटी झाकून ठेवलीय. निघा.