पान बंद होताना

४ मार्च

पान तयार झाले. अकरा दिवस आतल्या खोलीत संगणकापुढे गेले. हिला आता पेन धरवत नाही. फोनवर मात्र एका बोटाने लिहिता येते. मुलीसाठी काही लिहून ठेवायचे म्हणते. म्हणून वर मुलीचे नाव, खाली कोरी जागा — बाकी काही नाही.

कचेरीच्या संकेतस्थळावरील अर्जांची पाने मीच सांभाळतो. वाणिज्य पदवीधर माणूस पन्नाशीत स्क्रिप्ट लिहायला शिकला, याचे तेथे अजून हसू होते. असो. साठवण्याची व्यवस्था विचारपूर्वक ठेवली आहे: अक्षरागणिक नाही, पान बंद होतानाच. त्या क्षणी ब्राउझर स्क्रिप्टला सूचना देतो आणि सगळा मजकूर सर्व्हरवर जातो. अर्धे वाक्य साठवलेले मला खपत नाही.

संगणकावर वीस वेळा उघडून मिटले. वीसही वेळा मजकूर पोहोचला.

५ मार्च

हिला पान संगणकावर दाखवले. मिटताना ‘खरोखर बाहेर पडायचे आहे का?’ अशी चौकट येते. ही म्हणाली, “अहो, जायचंय का म्हणून विचारतंय. बाकी कुणी एवढंही विचारलं नाही.”

चौकट काढून टाकली.

हिची एक अट आहे. “मी असेपर्यंत वाचायचं नाही. तुम्ही शुद्धलेखनाच्या चुका काढत बसाल.” मान्य केली. पान फोनवर उघडून दिले.

९ मार्च

रोज दुपारी लिहिते. मी खुर्ची पलंगाशेजारी घेऊन बसतो, पडद्याकडे पाहत नाही.

१७ मार्च

रजा वाढवून घेतली. साहेब म्हणाले, “तुम्ही आणि रजा?”

मेहुणी रोज दुपारी येते. बहिणीचे केस विंचरते आणि माझी थट्टा करते — “भावोजी, उशीचाही कोन मोजून लावलाय का?” मोजला नव्हता. अंदाजाने तीस अंश.

२६ मार्च

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी गेली.

९ एप्रिल

मुलगी उद्या परत जाणार. म्हणाली, “बाबा, आईचं ते उघडू या ना. मी आहे तोवर.”

उघडले. कोरे. पुन्हा उघडले. सर्व्हरवरील नोंदी तपासल्या. चार मार्चच्या माझ्या वीस चाचण्या, पाच मार्चला हिला संगणकावर दाखवले ती एक, नंतर एकही नोंद नाही.

“तुम्ही एकदा फोनवर करून बघितलं नव्हतं?”

नव्हते.

“असू दे बाबा,” म्हणाली आणि बॅग भरायला गेली. मी तिच्या साड्यांच्या घड्या घालून दिल्या.

११ एप्रिल

कारण सापडले. फोनवर पान कोणी मिटतच नाही. पडदा विझतो, बोट दुसरीकडे वळते आणि फोन मागच्या मागे ते पान काढून टाकतो. बंद होण्याची सूचना स्क्रिप्टला मिळतेच असे नाही. भरवशाचा शेवटचा क्षण म्हणजे पान नजरेआड होण्याचा. साठवायचे ते तेव्हाच. ब्राउझरच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट लिहिले आहे. मी तो परिच्छेद वाचला नव्हता. हिचे शेवटचे शब्द मी, माझ्या काटेकोरपणाने, घालवले.

दोन ओळींचा बदल. केला. फोनवर तपासला. आता बिनचूक चालते.

१४ एप्रिल

मेहुणी आली होती. तिच्यापाशी चूक कबूल केली.

“भावोजी, ताईला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. पान कोरं निघालं.”

“मग रोज काय लिहीत होती?”

“काही नाही. तुम्ही समोर बसलेले, म्हणून नुसतं बोट फिरवायची. मी म्हटलं, सांगते भावोजींना. तर म्हणाली, ‘नको गं. कळलं तर पुन्हा संगणकापाशी जातील. आता कुठे इथं बसायला लागलेत.’”