धाकटीचे एकवीस दिवस

३ जानेवारी, सकाळी ६.४०
ठरलं. धाकट्या बहिणीला एकवीस दिवसांत पुन्हा गाडी चालवायला लावणार. सव्वीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवतोय. डावं-उजवं न कळणारेसुद्धा माझ्याकडून शिकून गेले. ही तर पूर्वी छान चालवायची. मेहुणे गाडी चालवताना अपघातात गेले तेव्हा ही शेजारच्या सीटवर होती. त्याला दोन वर्षं झाली, तिने स्टिअरिंगला हात लावलेला नाही. आता नवी नोकरी गावाबाहेरच्या लॅबमध्ये, तिकडे बस जात नाही. फोन केला. म्हणाली, बघू दादा. म्हणजे हो.
मेहुण्यांनाही मीच शिकवलं होतं. त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

५ जानेवारी
पहिला धडा. स्कूलच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक आहे, त्यामुळे काळजी शून्य. धाकटी चाळीस मिनिटं ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहिली. किल्ली फिरवली नाही. आरसे मात्र अचूक लावले.
प्रगती: समाधानकारक.

९ जानेवारी
मैदानाला दोन फेऱ्या. मी अगदी गरज पडली तेव्हाच ब्रेक दाबला. धाकटी म्हणते, चौदा वेळा. मोजत होती, म्हणजे लक्ष समोर नव्हतं. यावर बोलावं लागेल.
मध्येच मागच्या सीटबेल्टचा अलार्म वाजायला लागला. मागे कोणी नव्हतं. तिने आरशात पाहिलं. मीही पाहिलं. मग दोघंही क्लचविषयी बोललो.

१० जानेवारी
मेकॅनिक म्हणाला, सेन्सर गेलाय. वायरच काढून टाकली.

१२ जानेवारी
परत वाजला. धाकटीला विचारलं. म्हणाली, मला तर काही ऐकू आलं नाही.
कान तपासून घ्यायला हवेत. वय.

१४ जानेवारी, दुपारी
जुनं रजिस्टर काढलं, सहजच. मेहुण्यांच्या नावापुढे माझ्या अक्षरात शेरा: वळणं उत्तम, निर्धास्त सोडावे. खाली झोकदार सही. बराच वेळ त्या सहीकडे बघत बसलो. बायकोने विचारलं, काय शोधताय. म्हटलं, इन्शुरन्सचे कागद. म्हणाली, ते खालच्या खणात असतात, लग्न झाल्यापासून.

१७ जानेवारी
आज मोठा टप्पा. धाकटीला न सांगता पाण्याच्या टाकीच्या रस्त्याला नेलं. अपघात तिथल्याच वळणावर झाला होता. भीती जिथे बसली तिथूनच उठवायची, ही माझी पद्धत. तिला कळलं तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले, पण वेग कमी केला, गिअरही बरोबर टाकला. वळण आलं आणि मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. गाडी आडवी बंद. मागचा ट्रक हॉर्न देत होता. धाकटी उतरली आणि चालत निघून गेली.
मी ट्रकवाल्याला हाताने पुढे जायला सांगितलं. मग ड्रायव्हरच्या सीटवर सरकायचं, एवढंच काम होतं. पाऊण तास लागला. रहदारी फार होती.

१९ जानेवारी
फोन उचलत नाही. सविस्तर वेळापत्रक मेसेज केलं. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, तुम्ही तिला शिकवताय की स्वतःला सोडवताय. बायकोला ड्रायव्हिंगमधलं काही कळत नाही.
रात्री नीट झोप नाही. मच्छर.

२४ जानेवारी, संध्याकाळी
एकविसावा दिवस. धाकटी आली. गाडी चालवत, एकटी. गेले सहा दिवस माझ्या समोरच्या स्कूलमध्ये जात होती. तिथल्या बाईंचा अनुभव मोजून चार वर्षांचा.
टाकीच्या वळणावरूनच आली म्हणे. मी विचारलं, कुठल्या गिअरमध्ये. ती म्हणाली, दादा, बस जरा. तू शेजारी असलास की गाडीत दोघांची भीती असते, मला एकीचीच झेपते.
मग त्या दिवसाचं सांगितलं. मेहुण्यांचा एकच हात स्टिअरिंगवर होता, दुसऱ्याने मागच्या सीटवरची पिशवी ओढत होते. ती नको म्हणाली तर हसले. वेग तसाच.
मी विचारलं, माझ्या शिकवण्यात काही राहून गेलं होतं का. दोन वर्षं घशात होतं ते. आवाज भलत्याच माणसाचा निघाला.
तिने विचार केला. म्हणाली, तू शिकवलेलं त्यांनी लायसन्स मिळालं त्याच आठवड्यात सोडून दिलं होतं. मी रोज सांगायचे. माझं तरी कुठे ऐकलं. मला वाटायचं, अजून एकदा सांगितलं असतं तर.

निघताना रिव्हर्स घेताना तिने आमच्या गेटचा खांब घासला. मी तोंड उघडलं आणि मिटलं. तिने उतरून पाहिलं, परत बसली, गेली.
दोन वर्षं ज्याने झोप उडवली, ते माझं शिकवणं आठवडाभरसुद्धा टिकलं नव्हतं. बरं वाटतंय की अपमान झालाय, ठरवता येत नाही.

२५ जानेवारी, सकाळी १०
नवीन चौकशी. मेडिकल दुकानवाल्या बाई. विचारत होत्या, सर, तुमच्याकडे शिकलं की बिनधोक चालवता येते ना. सव्वीस वर्षं मी यावर एकच शब्द म्हणत आलोय: गॅरंटी. आज म्हटलं, मी मनापासून शिकवीन, नंतर कशी चालवाल ते तुमच्यावर.
त्यांनी मान डोलावली, आभार मानले, रस्ता ओलांडला आणि समोरच्या बाईंकडे नाव घातलं.
ओलांडताना दोन्ही बाजूंना पाहिलं नाही.