गाण्याखालचं बोलणं

बाबा, तुमचा व्हीसीआर मी सुरू केला. तो आता सुरू होणार नाही असं साकोलीतल्या दोघा मेकॅनिकांनी मला सांगितलं होतं. त्यातल्या एकानं तर भंगारवाल्याचा नंबरही देऊ केला, तेव्हा मी हट्टालाच पेटले. झाकण उघडलं तर आतला रबरी पट्टा वितळून डांबर झालेला. ते डांबर स्पिरिट आणि कापसाच्या बोळ्यांनी काढण्यात दोन दुपारी गेल्या, बोटं आठवडाभर काळी होती. नवा पट्टा कुरिअरनं मागवला, तो चुकीच्या मापाचा आला, मग दुसरा मागवला. तुम्ही ते मशीन कोणाला उघडू देत नव्हता, मला तर नाहीच. आता तुमच्या मुलीनं ते उघडलं, साफ केलं, पुन्हा बंद केलं आणि एकही स्क्रू उरला नाही. हे तुम्हाला कळवल्याशिवाय मला राहवत नाही.

दुकान तेच आहे. पाटी बदलली. तुमच्या वेळी फोटो आणि व्हिडिओ शूटिंग होतं, आता झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म आणि पासपोर्ट फोटो. त्यात मी दोन वर्षांपूर्वी जुन्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून द्यायचं काम सुरू केलं. लोक माळ्यावरून कॅसेट काढून आणतात, काही पोह्याच्या पिशवीत, काही धान्याच्या कोठीतून. कोणाच्या फितीवर पांढरी बुरशी, कोणाच्या डब्यात झुरळाची अंडी. वाटलं होतं वायर जोडली की झालं. कुठलं काय. पहिल्या कॅसेटचं चित्र ब्लॅक अँड व्हाइट आलं, तर सॉफ्टवेअरमध्ये आपल्याकडची रंगाची पद्धतच निवडलेली नव्हती. दुसरी चांगली चालली, पण मध्ये फीत थोडी कोरी होती, तिथे कॉम्प्युटरला वाटलं कॅसेट संपली आणि तो आपला थांबून बसला. मी बाहेर फॉर्म भरत होते, आत अर्धं लग्न उतरायचं राहून गेलं. असं एकेक शिकत गेले. शिव्याही देत गेले, त्या तुमच्याकडूनच शिकलेल्या आहेत.

पावसाळ्यानंतर एक बाई आल्या. माहेर कोंढ्याचं, सासर इथलंच, साकोलीजवळच्या एका गावात. वय पन्नाशीच्या पुढचं. कॅसेट त्यांच्या लग्नाची, तुम्हीच शूट केलेली, डब्यावर तुमचं ते तिरकं अक्षर. त्यांनी मला जे सांगितलं ते मी सरळच लिहिते. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात त्यांची आई वारली. बिदाईच्या वेळी आईनं त्यांना पोटाशी धरलं आणि कानात काहीतरी सांगितलं. पण त्या इतक्या रडत होत्या की त्यांना ते ऐकूच आलं नाही. पुन्हा विचारायची लाज वाटली, मग विचारायला आई उरली नाही. कॅसेटमध्ये आईचे ओठ हलताना दिसतात, पण त्यावर बिदाईचं फिल्मी गाणं लावलेलं. त्यांनी कॅसेट टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मले बाकी काही नाही पाह्यजे, ताई. फक्त ते गाणं काढून द्या. माय का बोलून राहिली, तेवढं ऐकाचं आहे."

मी त्यांना सांगितलं की होत नाही. गाणं वेगळं लावलेलं नसतं, ते आवाजाच्या पट्टीवरच भरतात, खालचं बोलणं तेव्हाच पुसलं जातं. कॅसेटचं काम करणारा कोणीही हेच सांगेल. चित्र तरी चांगलं उतरवून द्या म्हणाल्या आणि गेल्या. आणि मला तुमचा राग आला. खरं सांगते, जुना राग होता, तो वर आला.

तुम्हाला आठवत असेल, मी भंडाऱ्याला कॉलेजात होते तेव्हा सुट्टीत आले की तुमच्याशी यावरूनच भांडायचे. लग्न आटोपलं की तुम्ही दुकानाचं अर्धं शटर ओढून कॅसेटवर गाणी चढवत बसायचात. हळदीला हळदीचं, वरातीला वरातीचं, बिदाईला ते एकच ठरलेलं रडकं गाणं. गिऱ्हाइकाला तेच हवं असायचं. गाणं नसलं तर लोक म्हणत, शूटिंगवाल्यानं अर्धं काम केलं. मला ते समजत होतं, तरी एकदा जेवताना मी तुम्हाला तोंडावर म्हटलं होतं की तुम्ही लोकांच्या माणसांचे आवाज पुसता. आई भात वाढत होती, लाखोरीची भाजी होती. तुम्ही चिडला नाहीत. घास तोंडात ठेवून म्हणालात, "गाणं काठाले रायते, पोरी. बोलणं चित्राच्या खाली रायते. ते कोणाच्यानंच पुसल्या जात नाही." आई म्हणाली, कीर्तन बंद करा आणि भात निवून राहिला तो खा. आम्ही दोघी हसलो. मला वाटलं, शूटिंगला जाऊन जाऊन लग्नातल्या पाहुण्यांसारखं तुम्हीही तत्त्वज्ञान बोलायला लागलात. नंतर कित्येक वर्षं मी ते वाक्य मैत्रिणींना तुमची नक्कल करून सांगत असे.

त्या बाईंची कॅसेट माझ्या साध्या प्लेअरवर नीट चालेना. चित्राचा वरचा भाग एका बाजूला झुकायचा, नवरदेवाचा फेटा कुठे आणि डोकं कुठे. कॅसेट तुमच्या कॅमेऱ्याची, तर तुमच्याच व्हीसीआरवर बरी चालेल, एवढ्याच विचारानं मी तुमचं मशीन माळ्यावरून खाली काढलं. आवाजाचं माझ्या डोक्यातही नव्हतं. पट्टा बसवला, कॅसेट घातली, ती आत गेली आणि टीव्हीवर मांडव उभा राहिला. फेटा डोक्यावर. मी दुकानात एकटीच होते, तरी मोठ्यानं शाबास म्हणाले. गाणं मात्र चालूच होतं.

मशीनच्या पुढच्या बाजूला एक लहान सरकतं बटण आहे, त्यावर तुम्ही चिकटपट्टी लावलेली. मी चौथी-पाचवीत असताना ती नखानं खरवडत होते तेव्हा तुम्ही माझ्या हातावर चापट मारली होती. "ते खरं बटन आहे. गिऱ्हाईक असताना त्याले हात लावू नोको," म्हणाला होतात. मी एवढीशी, मला वाटलं हात लावला की करंट बसतो. त्या भीतीपोटी मोठेपणीही मी त्या बाजूला बोट नेलं नाही. पट्टी आता पिवळी पडून आपोआप सुटत होती. मी ती काढली. खाली बटण एका टोकाला होतं, ते दुसऱ्या टोकाला सरकवलं.

गाणं गेलं. आधी नुसती खरखर आली. मी ट्रॅकिंगचं, म्हणजे फीत जुळवायचं चाक हळूहळू फिरवत गेले, खरखर विरळ झाली, आणि बाबा, आतून अख्खा मांडव बोलायला लागला. भांड्यांचा आवाज, लहान लेकराचं रडणं, पंगतीत कोणीतरी वरण मागतंय, बाया एकमेकींना हाका मारताहेत. मी मशीनचं जुनं माहितीपुस्तक शोधून काढलं आणि दुकानाच्या पायरीवर बसून वाचलं. तुमचा कॅमेरा आवाज दोनदा लिहीत होता. एकदा फितीच्या काठावर, जिथे तुम्ही नंतर गाणं भरायचात. आणि एकदा चित्र जिथे लिहिलं जातं त्याच्याच खाली, फितीत खोलवर. तिथला आवाज पुसायचा तर चित्रही पुसावं लागतं. लोकांच्या घरचे साधे प्लेअर फक्त काठ वाचत. म्हणजे तुम्ही तत्त्वज्ञान बोलतच नव्हता. तुम्ही मला मशीन समजावून सांगत होता आणि मी हसत होते.

तो महागाचा कॅमेरा कायले घेतला म्हणून आई तुमच्याशी महिनाभर धड बोलली नव्हती. साध्या कॅमेऱ्यानंही लग्नं झाली असती, इथे कोणाला फरक कळणार होता. तुम्ही कोणाला सांगितलंही नाही. लोकांना गाणं दिलं आणि खाली त्यांची माणसं जपून ठेवली. आपल्या दुकानात आता येईल त्याला मी हे सांगते, फॉर्म भरायला आलेल्यालाही सांगते. मला तुमचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

आणि एक गोष्ट माझ्या ध्यानीमनीही नव्हती. तुमचा आवाज. आपल्या घरी तुमचा एकही व्हिडिओ नाही, तुम्ही कायम कॅमेऱ्यामागे. पण माइकला सगळ्यात जवळ तर तुम्हीच होता. दोन तास तुम्ही बोलत आहात. मामाजी, जरा बाजूले सरका. नवरीबाई, मान वर करा. काकाजी, इकडे पाहून टाका अक्षता. मला तुमचा आवाज जाड वाटत होता, तो तसा नाहीच, बारीक आणि घाईचा आहे. मी विसरले होते. मी टेबलावर डोकं ठेवून रडले, आणि झेरॉक्सला आलेल्या माणसाला हातानंच थांबा म्हटलं.

बिदाईला तुम्ही गप्प झालात. नवरी आईच्या गळ्यात पडते, तुम्ही एकेक पाऊल पुढे जाता, एक शब्द न बोलता, इतके जवळ की चित्रात फक्त दोघींची डोकी. मग त्या माउलीचं बोलणं येतं, अगदी स्वच्छ. "भाताले लाजू नोको, बाई. दुसऱ्यांदा मांगून घेजो. उपाशी राहू नोको."

मी बाईंना बोलावलं. काही सांगितलं नाही, खुर्ची दिली आणि हेडफोन कानाला लावून दिला. त्यांनी ऐकलं. आधी हसल्या. "एवढंच?" म्हणाल्या. "मले वाटलं, मायनं का सांगितलं असन." मग हेडफोन तसाच कानावर ठेवून म्हणाल्या, "मी सासरी वर्षभर अर्ध्या पोटानं उठली, ताई. मांगाची लाज वाटे." त्यांनी ते तीनदा ऐकलं, चौथ्यांदा त्यांच्या मुलीला फोनवरून ऐकवलं.

हे पत्र मी तुमच्या माहितीपुस्तकात ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे पाठवायचं तर पत्ता नाही. पण एक सांगायचं राहिलं. त्या माउलीचं बोलणं संपल्यावर कॅसेटवर कोणीतरी जोरात नाक ओढतं, मग पुन्हा, मग एक हुंदका गिळल्यासारखा आवाज येतो. तो इतका जवळून येतो की ते तुमच्याशिवाय कोणी असूच शकत नाही. लग्नाहून आला की वरण पातळ होतं म्हणून कुरकुरणारा माणूस परक्याच्या पोरीच्या बिदाईत रडत होता, आणि कॅमेरा हलू देत नव्हता. बाईंनी मला विचारलं, मधात हे नाक कोण ओढून राहिलं, ते तेवढं निघेल का. दहा मिनिटांचं काम होतं, बाबा. मी त्यांना म्हटलं, नाही निघत, कॅसेट फार जुनी आहे.