फिल्टर घरी येतो

६ जानेवारी, मंगळवार

आज परत तेच. कारखान्यातल्या पोरांनी सुका फिल्टर न काढताच व्हॅक्युम मशीननं पाणी ओढलं. इथं जयपुरात आमेर रोडच्या त्या शेडमध्ये दगडाच्या जाळ्या कापतात, त्याचा लाल चिखल सगळा फिल्टरच्या घड्यांत जाऊन बसलाय. "ओलं ओढायचं तर आधी हा काढा, स्पंज घाला — कितीदा सांगायचं त्यांना?" स्कूटर लावता लावताच ह्यांचं सुरू. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले, आता तिथं गेटवर असतात. पण ते व्हॅक्युम ह्यांच्या ताब्यात, आणि त्याची बडदास्त अशी की जावयाचीसुद्धा कुणी ठेवणार नाही. पाइप मोकळा, टाकी कोरडी, झाकणाचं रबर पुसलेलं.

आणि फिल्टर साफ कोण करतं? मी. सात वर्षं झाली. एक मशीनमध्ये, एक माझ्याकडे, रोजची अदलाबदल. मालक म्हणतात, "हवालदारसाब, आपके यहाँ तो फिल्टर बरसों चलता है." हे फुगतात. फुगू देत.

खोकला मात्र काही थांबत नाही ह्यांचा.

८ जानेवारी

चिखल वाळून विटेसारखा झाला होता. गच्चीच्या कठड्यावर आपटला, धोपटण्यानं बडवला, मग जुन्या टूथब्रशनं एकेक घडी मोकळी केली. बाजूच्या शेखावत वहिनी आल्या — "भाभीजी, मेरी चादरें तो देखिए." खरंच, त्यांच्या पांढऱ्या चादरी गुलाबी झाल्या होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं आयुष्य फौजेच्या क्वार्टरांत काढलं, कुणी बोट दाखवलं नव्हतं कधी.

उद्यापासून न्हाणीत दार लावून झटकायचा.

९ जानेवारी

न्हाणीत बरं पडतं. खिडकीला पोतं लावलं, कण बाहेर जात नाही. गच्चीचे जिनेही वाचले. हल्ली चढताना धाप लागते, गुडघे तर आहेतच. वयाचा हिशेब द्यावाच लागतो कुठेतरी.

११ जानेवारी, रविवार

हर्षालीचा फोन. लेकीचं मराठी ऐकून हसावं की रडावं कळत नाही — "आई, पप्पांची खांसी फोनवर पण ऐकू येते. मतलब, कुणाला दाखवा ना!"

मी गेला महिनाभर तेच सांगतेय. पण घरकी मुर्गी दाल बराबर. मला गोविंद आठवतो. त्याच कारखान्यात कटरवर होता, दिवाळीत गेला. भेटायला गेले होते तेव्हा खाटेवर ओणवा बसून श्वास गोळा करत होता. धड चाळिशीही पुरी नव्हती. दगडाची धूळ छातीत बसली की बसली, तिला औषध नाही. त्याची बायको हे इतक्या शांतपणे सांगत होती की मलाच तिथून उठून जावंसं वाटलं.

ह्यांना म्हटलं, नोकरी सोडा. भाकरी काय पेन्शनवर मिळेल. "मी कापतो का दगड? मी गेटवर बसतो. आणि धूळ काय हवेत उडते होय आता? सगळी मशीनच्या पोटात जाते." वर मलाच विचारतात, फिल्टर वाळला का?

वाळला. दिला.

१४ जानेवारी

संक्रांत. आमचा सगळा सोडाला मोहल्ला गच्चीवर चढलाय, पतंग आणि भोंगे. खाली येऊन ह्यांच्या हातावर तिळगूळ ठेवायला गेले तर हात पुढं करीनात. मूठ आवळलेली, मुठीत रुमाल. मी बोटं उघडली जबरदस्तीनं.

रक्त.

मी काय बोलले ते आठवत नाही. ओरडले एवढं खरं. एवढ्या वर्षांत हा माणूस मला पहिल्यांदा म्हणाला, "उद्या जाऊ, तू म्हणशील तिथं."

१५ जानेवारी

छातीच्या दवाखान्यात डॉक्टर मराठी निघाल्या. डॉ. संपदा, नागपूरच्या. "काकू, बसा हो तुम्ही," म्हणाल्या आणि माझा बांधच फुटला. परक्या गावात आपली भाषा कानावर पडली की बाई अशी सैल होते. ह्यांच्या छातीचा फोटो काढला, थुंकी तपासायला घेतली. रिपोर्ट सोमवारी.

१७ जानेवारी

देवा, दगड नको. दुसरं काहीही दे.

१८ जानेवारी

हे दोन दिवस घरीच आहेत, पण कारखान्यातलं कुणीतरी फिल्टर दारात ठेवून गेलं. नुसतं बसवत नव्हतं, म्हणून तो घेऊन न्हाणीत गेले. हात चालू असले की मन जरा गप्प बसतं. बडव बडव बडवला. बाहेर आले तर हे म्हणतात, "केस बघ, मेंदी लावलेली म्हातारी झालीस." आरशात पाहिलं, भुवयासुद्धा लाल. दोघंही हसलो. ह्यांना हसता हसता परत ढास लागली.

१९ जानेवारी, सोमवार

टीबी आहे. दगड नाही, टीबी! नवऱ्याला टीबी निघाला म्हणून देवापुढं साखर ठेवणारी बाई या जयपुरात मी एकटीच असेन. डॉ. संपदा म्हणाल्या, सहा महिने गोळ्या नेमानं घ्यायच्या, बरे होतील. मी तीनदा विचारलं. तीनदा तेच म्हणाल्या.

घरी येताना हे स्कूटरवर गुणगुणत होते. मी पाठीवर डोकं टेकून गुपचूप रडून घेतलं. हर्षालीला कळवलं.

एका घरात राहतो म्हणून उद्या माझाही फोटो काढायचाय. नुसता नियम आहे म्हणे.

२० जानेवारी

डॉ. संपदांनी माझा फोटो पडद्यावर लावला. मग ह्यांचा शेजारी लावला. मग ह्यांचा काढून टाकला आणि माझाच मोठा करून बघत बसल्या. हे माझी पिशवी धरून दारात उभे होते.

मग माझ्याकडे वळून विचारलं, "काकू, दगड कापायच्या कामावर तुम्ही किती वर्षं होतात?"