बटणासमोर बोलायचे नाहीत असे दोन शब्द

प्रिय ठमे,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे ठीक आहेत. म्हणजे बाबा तू बघून गेलीस तसेच आहेत, मी आहे, आणि बटणही आहे. दर रविवारी फोनवर बोलणारी आई एकदम कागद-पेन घेऊन बसली म्हणजे काहीतरी भानगड असणार, हे तू ओळखलं असशीलच. भानगड आहे, पण तिथपर्यंत मला माझ्या चालीनं येऊ दे. आधी काजं करून मग बाही जोडायची, असं मला शिवणातही जमत नाही.

गेल्या फोनवर तू म्हणालीस, आई, तुला झेपत नसेल तर देऊन टाक त्याला. म्हणताना तुझा आवाज कसा झाला होता, ते मला कळलं नाही असं समजू नकोस. दादाचं तर आधीपासूनच चाललं होतं, की आजारी माणसाच्या खोलीत कुत्र्यानं घाण करणं बरं नव्हे, उद्या बाबांना काही बाधलं तर निस्तरणार कोण. त्यानं परस्पर बटणासाठी घरही बघून ठेवलं होतं. दुकानाच्या खिडकीला नवी काच बसवून गेले ते काचवाले आठवतात ना, त्यांच्या मुलांना कुत्रं हवंच होतं. तेव्हा ठरलं असं, की महिनाअखेरीपर्यंत बटणाला वळण लागलं तर राहील, नाहीतर पिंजऱ्यासकट काचवाल्यांकडे जाईल. मी दादाला हो म्हटलं. काय करणार, मीही दमले होते गं.

तू तो पिंजरा ठेवून गेलीस तेव्हाच मी मनात म्हटलं होतं, घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. इकडे बाबा झटक्यानंतर खुर्चीला खिळलेले, उजवा हात गेलेला, तोंडातून शब्द नाही. शिवणाचं दुकान माझ्या एकटीच्या अंगावर. त्यात हे मूठभर कुत्रं, आणि वर त्याला तुरुंग! बाबांना सोबत म्हणून तू त्याला आणलंस, मान्य. पण सोबत करणारा पिंजऱ्याच्या एका टोकाला झोपायचा आणि दुसऱ्या टोकाला कार्यक्रम उरकायचा. शेवटी जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं. ते हसले. म्हणाले, बाई, एवढ्याशा जिवाला तुम्ही दोन खोल्यांचं घर दिलंय, तो एकीची मोरी करणारच. उभं राहता आलं, वळता आलं, पाय ताणून झोपता आलं की पुरे. जिथे झोपतो तिथे कुत्रं सहसा घाण करत नाही. मग कापडाच्या ताग्यांचे जाड पुठ्ठे होते ना माळ्यावर, ते कापून मी मधे आडवी भिंत घातली. कोटाच्या उरलेल्या अस्तराची खोळ शिवून तीन बाजूंनी चढवली, दाराची बाजू मोकळी. खोळ मात्र अशी बसली आहे म्हणून सांगू, पूर्वीच्या बाबांनी बघून नक्की मान डोलावली असती.

सुरुवातीला दार लावायचंच नाही. त्याचा खाऊ दाराशी ठेवायचा, मग जरा आत, मग पार मागे. तो आपल्या पायांनी जायला लागला की दार लावायचं, एका पँटच्या पायांची मोहोरी दुमडून होईपर्यंत, आणि उघडायचं. मग दोन पँटी. केकाटला तर उघडायचं नाही, गप्प झाला की उघडायचं. हे ऐकायला सोपं आहे. एकदा माझ्याच्यानं राहवलं नाही, रडताना उघडलं, तर पुढे कितीतरी दिवस तो त्याची वसुली करत होता. पण आता म्हणशील तर स्वतःच आत जातो, मखमलीची एक चिंधी ओढत नेतो आणि तिच्यावर डोकं ठेवून घोरतो. तुरुंग म्हटलं होतं ते मी परत घेते. या घरात हक्काची जागा असलेला तो एकटाच.

बाहेर न्यायचंही तसंच नेमानं केलं. उठला की परसात, खाल्लं की परसात, खेळून झालं की परसात, रोज त्याच भिंतीशी. केलं की लगेच बिस्किटाचा तुकडा, घरात आल्यावर नाही, तिथल्या तिथे. घरात चूक झाली तर ओरडायचं नाही, व्हिनेगरच्या पाण्यानं पुसून वास घालवायचा आणि गप्प बसायचं. मी ओरडले नाही गं, शप्पथ. तरी दुकानात रोज थारोळी. परसातून आता येतो न येतो तोच काउंटरपाशी पुन्हा पाय फाकवून बसलेला, आणि वर तोंड करून बघतोय, जसा काही बक्षीस समारंभ आहे! कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडंच, म्हणून मी हात टेकले.

मग एक दिवस शाळेतल्या बाई आल्या, त्यांचा कोट लहान करायला टाकला होता. दारातूनच त्यांनी विचारलं, झालं का? बटण उठला, त्यांच्या पुढ्यात गेला आणि बसला. मी धावले, पुसलं, माफी मागितली. त्या गेल्या तोवर पाववाले आले. झालं का? बटण पुन्हा हजर, दोन थेंब का होईनात, पण इमानदारीत. आणि नजर पाववाल्यांच्या हाताकडे, बिस्किटासाठी. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ठमे, हे तुझं काम! सुट्टीत तू त्याला परसात घेऊन उभी राहायचीस, थंडीत कुडकुडत, आणि सारखं म्हणायचीस, झालं का? अरे झालं का? एकदाचं झालं की खाऊ. त्या बिचाऱ्यानं शब्द बरोबर पाठ केला. झालं का म्हणजे कर. त्याला काय ठाऊक, की शिंप्याच्या दुकानात येणारं प्रत्येक माणूस दारातून हेच विचारतं. तू शिकवलेला शब्द दुकान सोडून कुठेही चालला असता!

मी दारावर पाटी लावली: 'झालं का' असे विचारू नये, 'तयार आहे का' असे विचारावे. त्याचा अर्थ लोकांनी भलताच घेतला. गावभर झालं, की बाईंना कामाला उशीर होतो आणि वर विचारलेलं खपत नाही. टपालवाली तर हळूच म्हणाली, तुमच्यावर फार ताण आहे, समजतं हो मला. परसासाठी मी त्याला नवा शब्द लावला, जो दुकानात कुणी चुकूनही म्हणणार नाही: त्रिकोण. आता मी सकाळ-संध्याकाळ भिंतीशी उभी राहून त्रिकोण, त्रिकोण, शाब्बास त्रिकोण, असं म्हणत असते. शेजारचे गणिताचे मास्तर पहिल्या दिवशी खिडकी उघडून बघत होते, दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ती लावूनच घेतली. पण लागू पडलं. दुकान कोरडं झालं.

बाबांची खोली तेवढी होईना. दिवसभर त्यांना सोबत व्हावी म्हणून पिंजरा मी त्यांच्या खुर्चीशेजारी हलवला होता, दार उघडं ठेवून. मी मधल्या दारापलीकडे मशीनवर. आणि दिवसाआड त्या खोलीत थारोळं, नेमकं खुर्चीच्या पायाशी. तिथे तर ते शब्द बोलायला कुणीच नव्हतं. बोलण्याचे व्यायाम घ्यायला बाई येतात त्या चित्रं दाखवतात, हा कप, ही किल्ली, आणि बाबा भिंतीकडे तोंड करतात. मधूनच घशात काहीतरी घरघरतं, ते मला सवयीचं झालं होतं. मी पाणी पाजायची आणि पुन्हा मशीनवर बसायची. थारोळ्याचं कारण काही सापडेना. दादा म्हणाला, बघ, मी सांगत होतो. महिना संपला.

काचवाले आले तेव्हा दादा त्यांच्याबरोबर होता. बटण त्याच्या चिंधीवर झोपलेला. काचवाले भले गृहस्थ आहेत, त्यांनी आधी बाबांना नमस्कार केला, मग खाली बसून पिंजऱ्याच्या कड्या बघायला लागले. कुणी काही बोलत नव्हतं. मी त्या खोळीची नाडी सोडत होते आणि नाडी सुटत नव्हती. मागून बाबांच्या घशात घरघरलं. बटण उठला, काचवाल्यांना ओलांडून गेला, बाबांच्या पायाशी बसला आणि मोकळा झाला. काचवाल्यांचा बूट भिजला. दादानं कपाळावर हात मारला. पण मी बघत होते बटणाकडे. तो मान वर करून बाबांकडे बघत होता, शेपूट हलवत, बक्षिसाची वाट बघत. काचवाल्यांकडे नाही, माझ्याकडे नाही, बाबांकडे.

मी नाडी परत बांधायला घेतली. आमचा सगळा जन्म त्या दोन शब्दांवर गेलाय, तुला माहीत आहे. ते कापणार, मी शिवणार. त्यांची कात्री थांबली की टेबलावरून आरोळी, झालं का? मी म्हणणार, होतंय. पुन्हा झालं का? तुझ्या लहानपणी एकदा मी वैतागून त्यांना टेप फेकून मारली होती, आठवतं? एवढी वर्षं एकत्र काढलेल्या मला त्या घरघरीतलं ते ऐकू आलं नाही, मी पाणी पाजत राहिले. आणि त्या मूठभर कुत्र्याला पहिल्यापासून कळत होतं. तो चुकत नव्हता गं. त्याला सांगितलं जात होतं आणि तो ऐकत होता.

तरी मी पटकन विश्वास ठेवणाऱ्यातली नव्हे. काचवाल्यांना चहा दिला, बूट पुसून दिला, सांगितलं की कुत्रं जाणार नाही. ते हसत गेले. मुलांना दुसरं पिल्लू आणणार आहेत म्हणे. दुसऱ्या दिवशी मी हातशिलाईचं काम घेऊन बाबांच्या समोर बसले, मुद्दाम हळू टाके घालत. बराच वेळ ते बघत राहिले. मग ओठ एका बाजूला ओढला गेला आणि आवाज आला. आ… का. बटण उठून आला आणि बसला. मी म्हटलं, होतंय. बाबा हसले, अर्ध्या तोंडानं, पण ओळखीचं हसू. मी दोघांनाही बिस्किट दिलं आणि मग पुसायला गेले. त्या व्यायामाच्या बाई म्हणाल्या, असं होतं, जन्मभर तोंडात घोळलेलं वाक्य कधीकधी अख्खंच्या अख्खं आधी परत येतं. पुढे किती येईल ते त्या सांगत नाहीत, आणि मीही विचारत नाही. चित्रं त्यांनी पिशवीत ठेवलीत. आता त्या समोर कापड पसरतात, आणि बटणाला तेवढ्यापुरतं परसात सोडतात.

आता तू म्हणशील, एवढी मोठी बातमी, आणि आई फोन करायचा सोडून पानं लिहीत बसली! अगं, फोनवर सांगायचं तर ते दोन शब्द तोंडानं म्हणायला नकोत का? बटण इथे माझ्या पावलावर हनुवटी टेकून पडलाय; लिहिलेलं त्याला वाचता येत नाही, एवढं बरं. दादालाही मी तुला सांगू नको म्हणून बजावलंय. आणि दुसरं असं, की हल्ली तू फोनवर 'बाबांना दे' म्हणत नाहीस. रागावून नाही म्हणत मी. गप्प माणसाच्या कानाशी एकटीनं किती बोलणार. पण या रविवारी मी तुला न विचारता फोन त्यांच्या कानाला लावणार आहे, आणि ते तुला विचारतील. त्यांच्या घशात काही अडकल्यासारखं वाटेल, तेच ते. तुझं ते दातांच्या कवळ्या बनवायचं शिक्षण झालं का, घरी यायची वेळ झाली का, असंच काही असेल त्यांच्या मनात, दुसरं काय. रडत बसू नकोस, लगेच उत्तर दे. उत्तर मिळेपर्यंत ते विचारत राहतात, आणि इथे मला फडकं घेऊन उभं राहावं लागतं.

तुझीच,
आई